अम्म हनफीची इमारत

अलेक्झांड्रिया, ५ फेब्रुवारी २०१२

प्रिय इन्शिराह ताई,

फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतेस, म्हणून लिहितोय. कागदाला "थांब वगदी" म्हणता येत नाही. पत्र आणणारे गृहस्थ तुमच्याच शाळेतले आहेत. त्यांच्याबरोबर वाळवलेली मुलुखियाची भाजीही पाठवली आहे. कुवेतमध्ये मिळते ती पाला असते, असं तूच म्हणतेस.

आधी वाईट बातमी. मी कामाला होतो त्या जहाज कंपनीचं ऑफिस बंद होऊन चौदा महिने झाले आणि नहला मुलींना घेऊन आईकडे गेली. कारण काय, तर परीक्षा. परीक्षा जूनमध्ये आहेत.

आता ऐक. गेलं वर्षभर मी दलालांच्या कॅफेत बसतोय. तिथली तऱ्हा अशी, की एक नवरी येते, तिची आई येते, मावशी येते आणि मावशीची चप्पल चावते. बावीस घरं दाखवल्यावर मावशी म्हणते, स्वयंपाकघरात ऊन येत नाही. दलाल बिचारा पुन्हा चहा मागवतो. मला वाटलं, घरात राहणारी माणसं आपल्याला नकोतच! घर घेऊन त्यात कधीच न राहणारी माणसं हवीत. भाडं घ्यायचं, चार वर्षांनी विकायचं, दुसरं घ्यायचं. अशा माणसाचे प्रश्न चारच असतात. भाडेकरू टिकेल का, कागद पक्का आहे का, बांधकाम उभं राहील का आणि विकायला किती दिवस लागतील. अशा लोकांसाठीच काम करणारी टोळी या शहरात एकही नाही.

ती मी जमवली आहे. कागदपत्रांसाठी शाहिनाझ, वकिलीची परीक्षा दिलेली, जिभेवर मध आणि डोक्यात कायदा. बांधकाम बघायला इंजिनिअर बर्सूम. तो नगरपालिकेत जन्म घालवून आलाय आणि कॉलमला डॉक्टरसारखा कान लावतो. आणि तिसरा माणूस ओळख बघू. आपला अम्म हनफी! अब्बांच्या इमारतीचा वॉचमन. सख्ख्या काकाला आपण जितक्या वेळा अम्म म्हटलं नसेल तितक्या वेळा याला म्हटलंय. सोहागकडून आलेले शहरातले निम्मे वॉचमन त्याचे भाचे-पुतणे. कोण कॅनडाला चाललाय, कोणाचा तलाक होतोय, कोणाची आजी शेवटच्या श्वासावर आहे, सगळं त्याच्या बाकावर आधी कळतं. मी त्याला विचारलं, "अम्म, माझ्यासाठी काम करशील?" तर म्हणाला, "पोरा, तुझं नाक पुसलंय मी. तुझ्यासाठी नाही तर कोणासाठी?"

आमचा पहिला नियम भिंतीवर लावलाय. बर्सूमने कॉलमला हात लावल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही नाही.

आता फक्त घेणारे हवेत. तुझ्या शाळेतले शिक्षक वर्षानुवर्षं साठवतात आणि गावी भावाच्या हाती देऊन रडतात. त्यांना माझं नाव सांग. ताई, हे बुडालं तर माझ्याकडे बुडवायला दुसरं काही उरलेलं नाही.

तुझा वगदी


फरवानिया, कुवेत, २८ फेब्रुवारी २०१२

वगदी,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा बहीण म्हणून हसले, दुसऱ्यांदा गणिताची बाई म्हणून खुणा केल्या. "टोळी" हा शब्द आधी काढून टाक. लोक पोलिसांना बोलावतील.

मुलुखिया बरी होती. दांडे जास्त होते.

सात शिक्षक तयार आहेत. ते तुला ओळखत नाहीत, मला ओळखतात. स्टाफरूममध्ये रोज त्यांच्यासमोर बसून मला डबा खायचा असतो, हे विसरू नकोस. कुवेतमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकते असं म्हणशील, पण एवढं ऐक. बर्सूमला धरून ठेव. गोड बोलणारे रस्त्यावर मिळतात. "नाही" म्हणणारा माणूस टोळीत एक तरी लागतो. (बघ, मीही तोच शब्द लिहिला.)

आठवी मी. माझा करार पुढच्या जूनमध्ये संपतो. बावीस वर्षं माझ्या खिडकीतून समोरच्या भिंतीवरच्या एसीच्या पेट्या दिसतात. मला एक खिडकी हवी, जिच्यातून समुद्र दिसेल. मी भाड्याने देणार नाही, मी राहणार आहे. तुझ्या नियमात बसत नसेल तर नियम बदल.

अम्म हनफीला माझा सलाम. मी इकडे आले तेव्हा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन तो सिदी गाबर स्टेशनपर्यंत आला होता, आठवतं? गाडी हलली तरी खिडकीबरोबर पळत होता. "पोरी, परत आलीस की मीच उचलणार. दुसऱ्या कोणाला देऊ नकोस." त्याला सांग, ट्रंक तीच आहे.

इन्शिराह


अलेक्झांड्रिया, ११ सप्टेंबर २०१२

माझी लाडकी ताई,

नहला परत आली! परीक्षा संपल्या म्हणते. मी फक्त आंबे आणले.

आठही फ्लॅट झाले, तेही एकाच इमारतीत. असाफ्रा भागात हाजी शलबी नावाचा मोठा बांधकामवाला आहे, त्याची ही बारा मजली इमारत. तुझा नववा मजला. पाचव्यावरून समोरच्याची धुणी दिसतात, नवव्यावरून सरळ समुद्र. मी स्वतः उभा राहून बघितलाय. सकाळी तो राखाडी असतो आणि अकरा वाजता एकदम निळा होतो.

बर्सूम सोडून गेला. एका कॉलमवरून शलबीशी वाजलं. म्हातारा अलीकडे चिडकाच झाला होता, प्रत्येक इमारतीत त्याला भूत दिसायचं. दुसरा बघतोय.

आता गंमत ऐक. अम्म हनफी मालक झाला! शलबी म्हणाला, परवानगीचे आणि जागेचे कागद एखाद्या भल्या माणसाच्या नावावर असलेले बरे, त्याच्या स्वतःच्या नावावर आधीच फार इमारती आहेत. इथे सगळेच असं करतात, रीतच आहे. मी म्हटलं, अम्मपेक्षा भला माणूस कुठून आणू? अम्मने अंगठा दिला. आता बाक सोडून खुर्ची घेतलीय, प्लॅस्टिकची, निळी, आणि नव्या इमारतीच्या दारात पाय पसरून बसतो. गच्चीची किल्ली सुतळीत ओवून गळ्यात घालतो. परवा एका पाववाल्याला त्याने जिन्यात सायकल लावू दिली नाही. म्हणाला, "इमारत काय तुझ्या बापाची आहे?" शाहिनाझ हसून हसून खाली बसली.

सोबत एक खाकी पाकीट आहे. ते उघडू नकोस, कपाटात ठेव. माझ्या घरी मुली कागदांच्या होड्या करतात.

तुझा वगदी


फरवानिया, १४ ऑक्टोबर २०१२

वगदी,

अभिनंदन. नहलाला विचार, तिच्या आईला आता कसली परीक्षा आहे.

दोन प्रश्न आहेत. एका कॉलमवरून कुठला इंजिनिअर काम सोडून जातो? आणि तुझ्या "गंमत" या शब्दावर माझी पेन्सिल अडली. अशा नावापुरत्या मालकाला आपल्या शहरात काहूल म्हणतात ना? सहा मजल्यांच्या परवानगीवर बारा चढवायचे आणि कागदावर एखादा गरीब बसवायचा. काही झालं तर बेड्या त्याच्या हातात पडतात आणि बांधणारा दुसऱ्या गल्लीत पुन्हा पाया खणतो. आमच्या शाळेचा शिपाई अलेक्झांड्रियाचा आहे. त्याचा मेहुणा असाच दोन वर्षं आत होता.

परवानगी किती मजल्यांची आहे, तू लिहिलं नाहीस.

तू म्हणतोस रीत आहे. असेल. बाहेर राहणाऱ्या माणसाला रीती कळेनाशा होतात. तू तिथे आहेस, तुला जास्त ठाऊक.

खिडकीचं माप पाठव. इथे सवलतीत पडद्याचं कापड मिळतंय, फिकट हिरवं. उजेड येईल आणि समुद्रही झाकला जाणार नाही.

इन्शिराह


अलेक्झांड्रिया, १९ मे २०१३

ताई,

हे पत्र विमानतळावर एका अनोळखी माणसाच्या हातात कोंबतोय. तो पोचवेल असं म्हणाला. देव त्याचं भलं करो.

इमारत कलली. मंगळवारी दुपारी शेजारच्या इमारतीला खांदा लावून उभी राहिली, दमलेला माणूस भिंतीला टेकतो तशी. कोणी मेलं नाही. सहाव्यावरच्या एका बाईचा पाय मोडला. बाकी सगळे बाहेर आले, कारण अम्म हनफी दर मजल्यावर दारं बडवत वर गेला आणि दारं बडवत खाली आला. सरकारी माणसं म्हणतात, पाडावीच लागेल. तुझी खिडकीही गेली, ताई. सगळ्यांचंच गेलं.

परवानगी सहाचीच होती. तू विचारलंस तेव्हा मी उत्तर दिलं नाही. तूही पुन्हा विचारलं नाहीस.

शलबी पुढच्याच दिवशी नाहीसा झाला. त्याचा वकील मात्र जागेवर आहे. "माझ्या अशिलाचा या इमारतीशी काय संबंध? कागद बघा," म्हणतो. कागदावर हनफी. पोलीस आले तेव्हा अम्म रस्त्याच्या पलीकडे त्याच निळ्या खुर्चीत बसला होता. त्याचे भाचे संध्याकाळच्या गाडीचं तिकीट घेऊन उभे होते. सोहागला गेला असता तर वर्षभर कोणाला सापडला नसता. गेला नाही.

आता जीव मुठीत धरून लिहितोय. खाकी पाकीट आठवतं? अशा व्यवहारात दोन कागद करतात. एक उघडा आणि एक उलटा. उघड्यावर लिहायचं की मालक हनफी. उलट्यावर लिहायचं की पहिला कागद खोटा, खरा मालक शलबी, इमारतीवर हनफीचा कसलाही हक्क नाही. खाली हनफीचा अंगठा, शलबीची सही आणि साक्षीदाराची सही. साक्षीदार मी. एक प्रत शलबीकडे आहे, दुसरी त्या पाकिटात. शलबी कधी उलटलाच तर माझ्या हाती काहीतरी असावं म्हणून मी ती ठेवली होती. आता ती माझ्याच गळ्याचा फास झालीय. तो कागद बाहेर आला तर अम्म सुटेल, शलबी अडकेल आणि मी आत जाईन. शाहिनाझ म्हणते, निदान तीन वर्षं. सगळं ठाऊक असून सात शिक्षकांना मी फ्लॅट विकले, हे त्या एका सहीने सिद्ध होतं.

ताई, जाळून टाक. मी तुझ्या पाया पडतो. अम्मचं घर मी सांभाळीन, त्याच्या बायकोला कधी काही कमी पडू देणार नाही. तो म्हातारा आहे, त्याला काय, बाक काय आणि कोठडीतली फरशी काय. माझ्या मुली नऊ आणि सहा वर्षांच्या आहेत. हे लिहिताना माझी मलाच किळस येतेय, तरी लिहितोय.

वगदी


फरवानिया, २४ मे २०१३

वगदी,

पाकीट उघडलं. जाळलं नाही.

काल मी सातही शिक्षकांना एकत्र बसवून सांगितलं. दोघी रडल्या. एकाने मला बाई म्हणायचं सोडलं. मी माझा डबा झाकला आणि घरी आले.

तुला शिव्या द्यायला बसले होते, पण ऑक्टोबरमधलं माझं पत्र आठवलं. दोन प्रश्न विचारले आणि उत्तर यायच्या आधीच पडद्याचं माप मागितलं. सहा मजल्यांच्या इमारतीत नववा मजला कुठून येतो, हे गणिताच्या बाईला कळत नव्हतं? कळत होतं. मला समुद्र हवा होता. कापड अजून इथेच आहे, फिकट हिरवं. त्याच्याकडे बघवत नाही.

कागदावर अम्मचा अंगठा आहे. त्याला वाचता येत नाही. मग त्याला हे वाचून कोणी दाखवलं? याचं उत्तर मला नको, तुझं तुला दे.

कागद या पत्रासोबत परत पाठवतेय. माझ्या हातून गेला तर "बहिणीने पकडून दिलं" असं होईल. तुझ्या हातून गेला तर "त्याने सांगितलं" असं होईल. मुलींना पुढे काय ऐकायला मिळावं, ते तू ठरव. मी गुरुवार, ६ जूनला उतरतेय. तोवर तू सरकारी वकिलाकडे गेला नसलास तर मी स्वतः जाऊन मला जे ठाऊक आहे ते तोंडी सांगेन, कागद असो वा नसो.

इन्शिराह


अलेक्झांड्रिया, ३१ मे २०१३

ताई,

कागद मिळाला. बेसिनपाशी काडेपेटी घेऊन दोनदा उभा राहिलो. दोन्ही वेळा मुलींनी दार वाजवलं. एकदा पाणी हवं होतं, एकदा काहीच नको होतं.

मग कोठडीत अम्मला भेटायला गेलो. वाटलं, तो मला शिव्या देईल, मग मला सोपं जाईल. तो मला बघून उठला. म्हणाला, "पोरा, जेवलास का?" मी विचारलं, "अम्म, तू पळाला का नाहीस?" तर माझ्याकडे असा बघायला लागला की मीच वेडा. "इमारत माझी. माणसं माझ्या इमारतीत राहत होती. मालक पळतो होय?"

ताई, त्याला खरंच वाटतं! आम्ही सगळे हसत होतो आणि तो हसत नव्हता. त्याने गावी बायकोला कळवलंय, मेहुण्यांना कळवलंय. जन्मभर दुसऱ्यांच्या दारात बसलो आणि शेवटी पोराने मला इमारत दिली, म्हणतो. पोरगा म्हणजे मी. सरकारी वकिलाने त्याला तीनदा विचारलं, "म्हाताऱ्या, खरा मालक कोण?" तिन्ही वेळा त्याने छातीवर हात ठेवला. किल्ली अजून गळ्यात आहे. पोलिसांनी काढायला लावली तर रडला, म्हणून राहू दिली.

आता सांग, मी काय करू? त्याला आयुष्यात हा एकच आनंद मिळालाय. तो मी हिसकावून घेऊ? तो मालक म्हणून आत जायला तयार आहे, मान ताठ ठेवून. कदाचित त्याला हेच हवं असेल.

वगदी


फरवानिया, ३ जून २०१३

वगदी,

त्याला कागद वाचून दाखव. तूच. एक ओळही गाळू नकोस. मग तो म्हणेल तसं कर.

इन्शिराह


अलेक्झांड्रिया, कोठडीतून, ९ जून २०१३

ताई,

नहला म्हणाली, तू आलीस आणि मुलींजवळ झोपतेस. हे पत्र तिच्याच हाती देतोय. भेटीच्या दिवशी जाळीतून मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहितो.

बुधवारी मी सरकारी वकिलाच्या ऑफिसात गेलो आणि म्हणालो, माझ्याकडे एक कागद आहे, पण आधी तो हनफीला वाचून दाखवायचाय. वकील तरुण होता, वैतागलेला. पण त्याने अम्मला आणवलं. स्टूल दिलं, तर अम्म बसला नाही.

मी वाचलं. "मी, खाली अंगठा देणारा हनफी, कबूल करतो की सदर इमारत माझी नाही, कधीही नव्हती, माझं नाव केवळ कागदापुरतं आहे, आणि तिच्यावर माझा किंवा माझ्या वारसांचा कसलाही हक्क नाही." एक ओळही गाळली नाही. साक्षीदाराचं नावही वाचलं.

मला वाटलं तो ओरडेल. तो म्हणाला, "पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. या वेळी त्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, पाठ करत असल्यासारखे. मग त्याने कागद हातात घेतला आणि आपला अंगठा शोधला. त्यावर तसाच अंगठा ठेवून बघितला. नीट बसला.

"हे त्या दिवशी लिहिलेलं होतं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "हो."

"तुला वाचता येत होतं."

त्याने मान खाली घालून सुतळी डोक्यावरून काढली. टोपी पडली, ती मी उचलायला वाकलो तर त्याने हात आडवा केला आणि स्वतः उचलली. किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मी कागद वकिलाकडे सरकवला. त्याने नवा कागद घेऊन माझं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, आणि लिहायला लागला.

अम्मला त्याच संध्याकाळी सोडलं. शलबीला शोधताहेत. सापडेल की नाही कोण जाणे. मी मात्र सापडलोय.

तू त्याला भेटायला गेलीस तर तुझी ट्रंक उचलायला सांगू नकोस, ताई. आणि माझं नावही काढू नकोस. दारातून बाहेर पडताना तो माझ्यापाशी थांबला होता. मला वाटलं, आता म्हणेल, पोरा, जेवलास का. मी आठ वर्षांचा असल्यापासून त्याने मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नाही. त्याने किल्लीकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाला, "मोजून घ्या, साहेब. एकच आहे."

वगदी